हँडल मारायची टॉर्च ऐनवेळी का पेटत नाही? या चुका टाळा

मे महिन्यातला वळीव पुण्यात आला की दोन गोष्टी हमखास होतात. एखाद्या गुलमोहराची फांदी तारांवर पडते आणि आमच्या सोसायटीत अंधारात ड्रॉवर उघडल्याचे आवाज येऊ लागतात. त्या ड्रॉवरांतून मेणबत्त्यांबरोबर एक हँडलवाली टॉर्च निघते. कुणी प्रदर्शनात घेतलेली, कुणाला मुंजीत आहेर म्हणून आलेली. ‘सेलची कटकट नाही, फिरवलं की झालं’ असं म्हणून तीन वर्षांपूर्वी ठेवून दिलेली. मग जिन्यात घर्रर्र, घर्रर्र. उजेड काही नाही. दुसऱ्या दिवशी ती टॉर्च माझ्या टेबलावर.

मी इलेक्ट्रिशियन नाही, सोल्डरिंगचा नाद आहे इतकंच. पण गेल्या काही पावसाळ्यांत अशा बऱ्याच टॉर्च उघडल्या आणि त्यांत खऱ्या बिघाडांपेक्षा आपल्याच चुका जास्त निघाल्या. (आमची आई टॉर्चलाच बॅटरी म्हणते, त्यामुळे घरात ‘बॅटरीतली बॅटरी गेली’ अशी वाक्यं चालतात. इथे घोळ नको म्हणून हातात धरायची ती टॉर्च आणि तिच्या पोटात वीज साठवतो तो सेल.)

चूक पहिली: मुठीला न विचारता स्क्रू काढणं

ज्यांनी पुण्यात डायनॅमोच्या सायकलवर दिवस काढलेत त्यांना पुढचं फार समजावून सांगायला नको. बाटलीसारखा तो डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. सहा व्होल्ट, तीन वॅटचा तो दिवा, पण चढावर जीव काढायचा. सिग्नलला पाय टेकला की दिवा गुल. आणि एखाद्या दिवशी पायडल जरा जास्तच हलकं लागलं तर मागे वळून बघावं लागे, वायर तुटलेली असायची.

टॉर्चमध्ये तेच घडतं. मायकेल फॅरडेने १७ ऑक्टोबर १८३१ रोजी लंडनमध्ये तारेच्या गुंडाळीत लोहचुंबक खुपसला आणि मीटरचा काटा हलला. चुंबक हलतोय तोवर काटा हलतो, चुंबक थांबला की काटा शून्यावर. हँडल, गिअर, फ्लायव्हील (गिरकी टिकवणारं जड चाक) हा सगळा पसारा फक्त चुंबक भराभर फिरत राहावा म्हणून असतो. पण ही वीज फुकट मिळत नाही. गुंडाळीतून करंट वाहू लागला की त्या करंटचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढतं. लेन्झ या शास्त्रज्ञाने हा नियम १८३४ मध्ये मांडला. म्हणजे हाताला जो जोर लागतो तोच विजेचा हिशेब. करंट नाही तर जोरही नाही.

म्हणून टॉर्च बिघडली की आधी डोळे मिटून वीस-पंचवीस वेळा हँडल फिरवा. बहुतेक निदान तिथेच होतं.

हँडल भुर्रकन फिरतंय, गिअरचा आवाज नीट येतोय, पण उजेड नाही: करंट वाहतच नाही. वायर तुटली, सोल्डर सुटलं किंवा एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) उडाला. हँडल हलकं आहे आणि मधूनच ‘कट्’ करून घसरतंय: गिअरचे दाते गेले. हँडल नेहमीपेक्षा जड आणि तरी अंधार: एकतर आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ग्रीस वाळून चिकट झालंय. या दोन्हींतला फरक ओळखायला गुंडाळीची एक वायर सोडवून पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर शॉर्ट, तरीही जड तर ग्रीस. आणि फिरवताना लखलखाट, थांबलं की लगेच अंधार, असं असेल तर डायनॅमो धडधाकट आहे, सेल मेलाय.

समोरच्या विंगमधल्या काकू गेल्या वर्षी टॉर्च घेऊन आल्या. ‘अहो, पूर्वी फिरवून हात दुखायचा, आता लोण्यासारखं फिरतंय. तुम्ही तेल घातलंत का मागे?’ तेल मी घातलं नव्हतं. पण ‘लोण्यासारखं’ म्हणताच काय झालंय ते कळलं. उघडलं तर गुंडाळीची केसासारखी बारीक तार सोल्डरच्या जागी तुटलेली. काकूंच्या भाच्याने ती आधी जोडून पाहिली होती, सोल्डरचा गोळाही चांगला चकचकीत होता. चूक एकच. या तांब्याच्या तारेवर पारदर्शक वार्निशचा थर असतो आणि तो न खरवडता सोल्डर केलं की तार चिकटल्यासारखी दिसते, करंट मात्र जात नाही. टोकाचे तीन-चार मिलिमीटर ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचे, तार गुलाबीसर झाली की कथील लावायचं, मग जोडायची. दहा मिनिटांचं काम.

भाच्याची आणखी एक गंमत. त्याने मल्टीमीटर लावून ‘गुंडाळी जळाली’ असा निकालही दिला होता. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या पट्टीवर, ठेवला होता. गुंडाळीतून एसी येतो, चुंबकाचा उत्तर ध्रुव पुढून गेला की एका दिशेने, दक्षिण ध्रुव गेला की उलट. डीसीच्या पट्टीवर ते शून्याच्या आसपासच दिसणार. एसी व्होल्टवर ठेवून फिरवा, आकडा उड्या मारू लागला की गुंडाळी जिवंत आहे. या एसीचा डीसी करायला पुढे डायोड असतात.

मुठीत दाबायच्या टॉर्चकडून नसती अपेक्षा

दाबत राहायची जी टॉर्च मिळते तिच्या साध्या प्रकारांत सेल नसतोच. दाबताय तोवर उजेड, दाबणं थांबलं की फ्लायव्हीलच्या गिरकीपुरता उजेड, मग काळोख. तो बिघाड नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, ब्लॅकआउटच्या काळात, फिलिप्सच्या अशा टॉर्च लोकांच्या खिशात असत. दाबताना घुर्रघुर्र आवाज येतो म्हणून डच लोक तिला ‘चिमटायचं मांजर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आवाज ऐकलात तर नाव पटेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक: सेल

हँडलवाल्या बहुतेक टॉर्चच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो आणि टॉर्च मरते ती जवळजवळ नेहमी त्याच्यापायी. ‘हिला सेल लागत नाही’ ही विक्रेत्याची भाषा. लागतो, पण दिसत नाही.

हा सेल बहुधा एलआयआर २०३२ असतो, म्हणजे पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन. काही टॉर्चमध्ये त्याऐवजी प्लास्टिकात गुंडाळलेली तीन बटण सेलांची चवड निघते, ३.६ व्होल्टची, निकेल-मेटल हायड्राइडची. दोन्हींना उपास मानवत नाही. वर्ष-दोन वर्षं रिकामा पडून राहिला की सेल आतून खराब होतो आणि मग कितीही हँडल मारा, तो वीज धरत नाही. त्यातून स्विच चालू राहून ड्रॉवरमध्ये गेलेली टॉर्च असेल तर विचारूच नका.

खरा धोका सेल बदलताना असतो. घड्याळात आणि वजनकाट्यात असतो तो सीआर २०३२ दिसायला हुबेहूब असाच, घरात पडलेलाही असतो, आणि खाचेत अगदी चपखल बसतो. टॉर्च लगेच पेटतेही, कारण त्यात तीन व्होल्ट भरलेलेच असतात. पण तो पुन्हा चार्ज होणारा नव्हे. हँडल मारून त्यात वीज कोंबली की तो फुगतो, गळतो, कधी फुटतोही. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेलात तर नुसता ‘दोन हजार बत्तीस’ मागू नका, ‘एलआयआर’ म्हणा आणि सेलच्या पाठीवरची अक्षरं स्वतः वाचा. जुना सेल उघड्यावर टाकू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजू शकतं. तिथे ‘सकाळपर्यंत वाट बघू’ नाही, तसंच उठून हॉस्पिटल गाठायचं.

‘एक मिनिट फिरवा, अर्धा तास उजेड’

खोक्यावरचं हे वाक्य वाचून लोक टॉर्चला शिव्या घालतात. जरा हिशेब करू. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ०.०६ वॅट. तीन एलईडींना ०.१८ वॅट. छोट्या हँडलमधून सेलपर्यंत अर्धा वॅट पोचला असं धरू. मिनिटभरात ३० ज्यूल झाले (एक वॅट एक सेकंद चालला की एक ज्यूल). ते तीन एलईडींना पूर्ण उजेडात पावणेतीन मिनिटं पुरतात. अर्धा तास उजेड मिळतो तो आधीपासून भरलेल्या सेलच्या जिवावर, किंवा इतका मंद की त्यात फक्त टॉर्च कुठे ठेवलीय ते दिसावं.

४० मिलिअँपिअर-तासाचा सेल रिकाम्यापासून पूर्ण भरायला याच वेगाने सतरा-अठरा मिनिटं हँडल मारावं लागेल. म्हणून वीज गेल्यावर फिरवायला घेणं हाच मुळात उशीर. आणि काही टॉर्चला मोबाइल चार्ज करायची पिन असते तिच्याबद्दल: पाच हजार मिलिअँपिअर-तासाच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. अर्ध्या वॅटने, काहीही वाया गेलं नाही असं धरूनसुद्धा, ३८ तास. दीड दिवस अखंड! एखादा फोन करण्यापुरता जीव आणता येईल, तेवढीच आशा ठेवा.

वेळ वाचवायला जोरात फिरवणं ही याच्याच पोटातली चूक. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं हे खरं, पण सगळा मार प्लास्टिकच्या गिअरवर बसतो. दाते तुटतात ते बहुतेक वेळा पहिल्या हिसक्याला. हळू सुरुवात करायची आणि सेकंदाला दोन फेऱ्यांच्या आसपास एकसारखं फिरवत राहायचं. मूल हातात घेतं तेव्हा नेमकं उलट करतं, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही.

खोबरेल

हे मी एका आजोबांच्या टॉर्चमध्ये पाहिलं. घर्रर्र आवाज कमी व्हावा म्हणून त्यांनी सप्टेंबरात गिअरवर खोबरेल सोडलं. महिनाभर झकास. डिसेंबरात हँडल हलेना. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं आणि पुण्याच्या थंडीत न्हाणीघरातली बाटली कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. गिअरच्या दात्यांत पांढरा थर बसला होता, त्यात धूळही. शिलाई मशीनचं तेलही नको, ते पातळ असल्याने ओघळून स्विचवर जातं आणि काही प्लास्टिकना तेलाने तडेही जातात. जुनं सगळं टूथब्रशने साफ करून सिलिकॉन ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका, बस्स.

हलवायची टॉर्च: चुंबक आहे तरी का?

पारदर्शक नळी, आत सरकणारा गट्टू, बाहेर तांब्याची गुंडाळी. कल्पना फारच देखणी. पण स्वस्त मालात लबाडी चालते. गट्टू नुसता लोखंडाचा, गुंडाळीची टोकं कुठेच जोडलेली नाहीत आणि पुढच्या टोपणाखाली दोन सीआर २०३२ गुपचूप बसलेले. महिनोन्‌महिने ती पेटते, लोक हलवत राहतात. घेताना खिशात सेफ्टी पिन ठेवा. गट्टूच्या जवळ नळीला बाहेरून लावा, पिन चिकटली आणि गट्टूबरोबर सरकली तर चुंबक खरा. नाही चिकटली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

खऱ्या टॉर्चमध्ये वीज साठवायला बहुधा सुपरकपॅसिटर असतो. तो सेलसारखा उपासाने मरत नाही, हा मोठा गुण. मावतं मात्र थोडं. एक फॅरडचा (हे त्याच्या साठ्याचं माप) कपॅसिटर ५ व्होल्टवरून ३ पर्यंत उतरताना जेमतेम ८ ज्यूल देतो, एका एलईडीला दोन मिनिटांहून थोडं जास्त. म्हणजे दोन-तीन मिनिटांनी उजेड मंदावला तर टॉर्च उघडू नका, हलवा.

चुंबक खरा असेल तर तो जोरकसही असतो. सिंहगडाच्या रात्रीच्या चढाईला जाताना टॉर्च आणि होकायंत्र एकाच कप्प्यात कोंबू नका. चावीच्या घड्याळापासून लांब ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर ही टॉर्च त्यांच्या शर्टाच्या खिशात कधीच जाता कामा नये.

पावसाचं थोडक्यात. हलवायची टॉर्च पुष्कळदा हवाबंद असते, हँडलवाली नसते. दांडा जिथे आत शिरतो तिथून पाणी जातं आणि आधी स्विच गंजतो. भिजली तर उघडून पंख्याखाली दोन दिवस ठेवा, गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको. आणि उजेड फडफडत असेल तर बाकी काही करण्याआधी स्विचच्या पत्र्या खोडरबराने घासून बघा. निम्म्या टॉर्च मी एवढ्यावरच परत केल्यात.

सेलला उपास घडू नये म्हणून आमच्याकडे एक साधी सवय लावून घेतलीय. गॅसचा सिलिंडर बदलला की त्याच दिवशी टॉर्च काढायची, पाच मिनिटं फिरवायची, स्विच बंद आहे ना बघून परत ठेवायची. पाइपचा गॅस आलेल्यांनी लाइट बिल भरायचा दिवस धरावा. काकूंनी तो धरलाय. बिल भरून झालं की त्यांच्या गॅलरीतून घर्रर्र ऐकू येतं आणि हँडल जड लागतंय हे त्या मला खालूनच ओरडून सांगतात.