तळ्यातील प्लवकांचा ऋतुबदल नोंदवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तळ्यातील प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व प्राण्यांची, वर्षभर नोंद ठेवली की आलेखात मोठे चढउतार दिसतात. त्यांतले काही ऋतूचे नसून नमुना घेण्याच्या पद्धतीचे असतात, हे वेळीच ओळखले नाही तर वर्षभराचे कष्ट वाया जातात.

सर्वांत महागात पडते ती जाळीची चूक. ३० सेंमी व्यासाच्या तोंडाची जाळी २ मीटर ओढली, तर हिशेबाने सुमारे १४१ लिटर पाणी गाळले जायला हवे. मात्र मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शैवालाचा थर आला की छिद्रे बुजतात, पाणी जाळीत न शिरता बाजूने निघून जाते, आणि तरीही लिटरमागे संख्या काढताना भागाकार १४१ नेच केल्यामुळे त्या महिन्यात प्राणीप्लवक प्रत्यक्षाहून कमी दिसतात. जाळी वर काढल्यावर पाणी निथळायला वेळ लागत असेल, तर ओढणे सोडून मोजलेले पाणी बादलीने तिच्यात ओतून गाळावे. वनस्पतीप्लवकांच्या मोजणीसाठी तर जाळी वापरूच नये, कारण अतिसूक्ष्म पेशी तिच्यातून निसटतात; त्यासाठी बाटलीत न गाळलेले पाणीच घ्यावे.

दुसरी चूक वेळेची आणि जागेची. अनेक क्लॅडोसेरा व कोपेपोड (प्राणीप्लवकांतले इवले कवचधारी जीव) दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात, त्यामुळे एका महिन्यात सकाळी सातला व पुढच्या महिन्यात दुपारी नमुना घेतल्यास ती तुलनाच उरत नाही. तरंगते शैवाल वारा वाहील त्या काठाला साचते. केवळ घाटावरून पाणी भरणाऱ्याला ते एक तर अतोनात मिळते किंवा मिळतच नाही.

नमुना टिकावा म्हणून वनस्पतीप्लवकांच्या बाटलीत लुगॉलचे आयोडीन फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घालावे, बाटली अंधारात ठेवावी आणि रंग उतरल्यास पुन्हा थेंब टाकावेत. प्राणीप्लवकांना ४ टक्के फॉर्मेलिन चालते, पण त्यात साखर विरघळवली नाही तर क्लॅडोसेरा फुगतात आणि त्यांची अंडी कवचाबाहेर पडतात. मोजताना कोपेपोडच्या नॉप्लियस अळीला वेगळी जात समजू नये.

निष्कर्ष काढताना युरोपातील सरोवरांचे वेळापत्रक, म्हणजे वसंतात डायटम या सूक्ष्म शैवालाचा बहर आणि त्यानंतर नितळ पाण्याचा काळ, इथे लादणे मला सर्वांत घातक वाटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरचा पाऊस पाणी गढूळ करतो, प्रकाश अडवतो, प्लवक विरळ करतो आणि काठावरची पोषकद्रव्ये आत आणतो; म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत आधीच्या आठवड्याचा पाऊस, पाण्याची पातळी, तापमान आणि पारदर्शकता लिहून ठेवावी.