खाणीतल्या ताईंनो, टोपी बूट बेल्ट अंगाला बसतंय का ते असं बघा

चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत मी जॉइन झाले तेव्हा स्टोअरमधून मला ८ नंबरचे बूट मिळाले, माझा पाय ४ नंबरचा. छोटे साइज नाहीत मॅडम, दोन मोजे घाला, चालून जाईल म्हणाले. नाही चाललं. इन्क्लाईनने, म्हणजे खाणीत जाणाऱ्या उताराच्या रस्त्याने, खाली उतरताना पाय बुटात पुढे सरकायचा, वर चढताना टाच सुटायची, आठवड्याभरात दोन्ही टाचांना फोड आले आणि एक दिवस ट्रॅकच्या स्लीपरला बुटाचं टोक अडकून मी सरळ तोंडावर पडले, गुडघ्यावर निभावलं म्हणून बरं. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी हे सगळं दाखवते, म्हटलं एकदा लिहून पण ठेवू.

१९५२ च्या माइन्स अ‍ॅक्टने बायांना जमिनीखाली कामाला बंदीच होती, जानेवारी २०१९ च्या नोटिफिकेशननंतर टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या कामासाठी आपण खाली जायला लागलो. वरती ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत, कोळशाच्या कन्व्हेयर बेल्टवर, मॅंगनीज निवडायला बाया आधीपासून आहेतच. पण टोपी-बुटांचा माल अजून पुरुषांच्या मापाने येतो, त्यामुळे आपलं माप आपल्यालाच माहीत पाहिजे.

सुरुवात बुटापासून. माप संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर घ्या, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभर उभं राहून पाय सुजतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत खूण करा, दोन्ही पायांचं मिलिमीटरमध्ये लिहा आणि जो पाय मोठा तो धरा. ट्राय करताना रोजचेच मोजे घाला. लेस सोडून पाय पूर्ण पुढे ढकला, मागे टाचेशी एक बोट जायला हवं, दोन गेली तर बूट मोठा. मग लेस आवळून उकिडव्या बसा, बोटं पुढच्या स्टीलच्या टोपीला लागली तर बूट छोटा. शेवटी उतारावर चालून बघा, सपाट फरशीवर सगळेच बूट बरे वाटतात. गमबूटला लेस नसते म्हणून त्याचं माप तर तंतोतंतच हवं, चिखलात पाय रुतला की मोठा गमबूट तिथेच राहतो आणि पाय बाहेर येतो.

टोपीचं बघा, सगळी गडबड केसांमुळे होते. अंबाडा वर बांधला की हेल्मेट डोक्यावर बसत नाही, अंबाड्यावर बसतं. मानेशी खाली वेणी घाला आणि ती शर्टच्या आत टाका. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर सरळ आलं पाहिजे, मागचा नॉब फिरवून आवळायचं, हनुवटीचा पट्टा लावायचा आणि मग खाली वाकून मान हलवायची. आणि हे सगळं बत्ती लावून करायचं हं! बत्तीच्या वजनाने हेल्मेट पुढे झुकतं, बत्ती नसताना घट्ट वाटलेलं हेल्मेट बत्ती लावली की डोळ्यांवर येतं. सैल होतं म्हणून आत रुमाल नाहीतर स्कार्फ कोंबायचा नाही. आतल्या पट्ट्या आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते ना, तीच वरून पडलेल्या दगडाचा मार झेलते, ती भरली तर मार थेट डोक्यात जातो.

आता बेल्ट, ह्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. ह्याच्यावर बत्तीची बॅटरी आणि सेल्फ रेस्क्युअर असतो, म्हणजे विषारी वायू पसरला तर तोंडाला लावून श्वास घ्यायचा डबा. बेल्ट मोठा असला की सगळं वजन कमरेवरून घसरून मांडीवर येतं, चढताना ठोके बसतात, मग कोणी डबा मागे सरकवतं तर कोणी काढून हातात धरतं. आग लागली, कार्बन मोनॉक्साइड पसरला तर काही सेकंदांत तो डबा तोंडाशी आला पाहिजे, तिथे शोधाशोध करायला वेळ नसतो. चांभाराकडून किंवा वर्कशॉपमधून बेल्टला जवळ भोकं पाडून घ्या, सुतळीने बांधू नका. डबा पुढच्या बाजूला कुशीवर ठेवा आणि डोळे मिटून हात थेट त्यावर जातो का ते पाच-सहा वेळा करून बघा. ट्रेनिंगच्या डमीवर माउथपीस स्वतः तोंडात धरून बघा, ओठ आणि दातांच्या मध्ये नीट बसतो का, नाकाचा चिमटा घट्ट लागतो का. आणि चमकी! नाकात चमकी असली की चिमटा सरकतो, घरी काढून ठेवा, सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांना कारण सांगा. अजून एक, फिल्टरवाला सेल्फ रेस्क्युअर ऑक्सिजन देत नाही, तो फक्त कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, आणि त्यात श्वास गरम लागतो. गरम लागलं म्हणजे तो काम करतोय, घाबरून तोंडातून काढायचा नाही.

धुळीचा मास्क लावला की वरचा पट्टा डोक्याच्या मागे वर, खालचा मानेशी, आणि हेल्मेट त्याच्यानंतर. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मग दोन्ही तळवे मास्कवर झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर पट्टी परत दाबून बसवा, तरी येत असेल तर मास्क मापाचा नाही, दुसरा साइज मागा. गॉगलचं पण तसंच, गालाशी फट राहिली तर धूळ आत जाते.

ग्लोव्हजला अंगठा सोडून तळहाताभोवती टेप धरा, जेवढे इंच साधारण तोच साइज नंबर. बोटांची टोकं रिकामी लोंबायला नकोत.

जॅकेट इतकंच मोठं घ्या की चमकणारी पट्टी घडीत लपणार नाही, डम्परवाल्याला तीच दिसते. बेल्ट कन्व्हेयरजवळ साडीवर शर्ट घालून काम करणाऱ्या मावशा मी पाहिल्यात आणि दर वेळी जीव वर येतो, पदर आणि ओढणी रोलरमध्ये ओढली जायला क्षणसुद्धा लागत नाही. शर्ट-पॅंट मागा, आणि सलग डांगरी देत असतील तर दोन भागांची मागा, खाली बाथरूमची सोय आधीच कमी, त्यात पूर्ण अंगावरचं उतरवायचं म्हणजे बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत.

हे सगळं मागायला लाजू नका. कोळसा खाणीत हेल्मेट आणि बूट पुरवायची जबाबदारी मालकाची, कोणाचे उपकार नाहीत. तोंडी सांगू नका, मापं लिहून अर्ज करा, एक कॉपी सेफ्टी ऑफिसरला द्या, आपल्या कॉपीवर सही-तारीख घ्या आणि पिट सेफ्टी कमिटीच्या, म्हणजे खाणीच्या सुरक्षा समितीच्या, मीटिंगमध्ये विषय मिनिट्सवर घ्यायला लावा. आम्ही सात जणींनी एकाच कागदावर सगळ्यांची मापं लिहून दिली होती, दोन महिने लागले, पण खोक्यातून ४ नंबरचे बूट निघाले आणि त्या दिवशी मी इन्क्लाईन एकाच मोज्यात चढले.