हॉर्न बंद, एअरबॅगची लाइट चालू: क्लॉक स्प्रिंग स्वस्तात कशी बदलायची

हॉर्न गेला की गॅरेजवाला पहिलं सांगतो, स्टीअरिंगखालची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, बिल ऐकूनच घाम फुटतो. थांबा जरा. आधी फ्यूज, रिले बघा, मग हॉर्नला बॅटरीवरून डायरेक्ट करंट देऊन बघा. आपल्या गोव्यात चार महिने पाऊस, रेडिएटरपुढच्या हॉर्नचे टर्मिनल हिरवे पडतात आणि बिचारी क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टीअरिंगवरचा हॉर्न, बटणं आणि एअरबॅग गाडीच्या वायरिंगला जोडणारा पार्ट, फुकट बदनाम होते. पण हॉर्न, स्टीअरिंगवरची ऑडिओची बटणं आणि एअरबॅगची लाइट तिन्ही एकदम बोंबलली असतील, किंवा वळवताना हॉर्न मध्येच वाजतो मध्येच नाही, खसखस आवाज येतो, तर दोष बहुतेक तिथेच. आत मेजर टेपसारखी गुंडाळलेली पातळ रिबन केबल असते, ती तुटते.

पार्ट घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा. एकाच मॉडेलच्या व्हेरिअंटमध्ये सॉकेटच्या पिना वेगळ्या असतात, नुसतं गाडीचं नाव सांगून म्हापसा किंवा मडगावच्या दुकानातून आणला तर परत फेरी पडते. लाइट आणि वायपरचे स्विच चांगले असतील तर फक्त स्प्रिंग मागा, दुकानदार पूर्ण सेट गळ्यात मारायला बघेल. काही गाड्यांत स्टीअरिंग अँगल सेन्सर (स्टीअरिंग किती वळलं ते मोजणारा) तिच्यातच असतो, मग बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर परत जुळवून घेणं, लागू शकतं. भंगारातली चालेल, पण भंगारातला एअरबॅग कधीच नको.

आता काम. गाडीची पुढची चाकं सरळ करा, इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा, ही गोष्ट घाईत सोडायची नाही कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज राहतो. मग स्टीअरिंगच्या मागच्या बाजूचे स्क्रू किंवा क्लिप सोडवून एअरबॅग हळू बाहेर, पिवळ्या कनेक्टरचं लॉक आधी उघडा, ओढाताण नको. काढलेला एअरबॅग कव्हरची बाजू वर करून लांब ठेवा, त्याला मल्टिमीटर लावायचा नाही. हात थरथरत असतील तर एवढं काम कार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, मजुरी द्यायला काही हरकत नाही.

पुढे स्टीअरिंगचा मधला नट सैल करा पण दोन आटे ठेवा, नाहीतर स्टीअरिंगचं चाक ओढताना झटक्यात तोंडावर येतं. शाफ्ट आणि चाकावर मार्करने खूण करा म्हणजे बसवताना स्टीअरिंग वाकडं येणार नाही. मग नट काढून चाक काढा, कॉलमचं प्लास्टिक कव्हर खोला, स्प्रिंगचे दोन-तीन स्क्रू सोडवले की ती निघते.

नवी स्प्रिंग मध्यावर लॉक करून येते, ते लॉक स्प्रिंग बसवून झाल्यावरच काढा. लॉक नसेल, भंगारातली असेल, तर हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, मग उलट अडेपर्यंत फेऱ्या मोजत जा आणि बरोबर निम्म्यावर आणा, बॉडीवर बाण असेल तर तो जुळतो. इथे चुकलं तर पहिल्याच फुल टर्नला केबल तुटते, आणि चोर्ला घाटात फुल टर्न किती येतात ते सांगायला नको.

नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, सगळं जोडून झाल्यावरच बॅटरी लावा. एअरबॅगची लाइट चालूच राहिली तर स्कॅनरने साठलेला एरर कोड क्लिअर करून घ्या, परत आली तर आधी तो पिवळा कनेक्टर नीट बसलाय का ते बघा.