मृगाआधी कुंडी उचला, बुडाचं भोक बघा: कॅक्टससाठी पावसाळी सल्ला

रोहिण्या सरत आल्या. मृग 7-8 जूनला लागेल, पण पाऊस तोवर थांबेलच असं नाही. 2025 साली मुंबईत तो 26 मे रोजीच दाखल झाला होता. म्हणून बाकीचं सावकाश वाचा. आधी गॅलरीतला प्रत्येक कॅक्टस उचला आणि कुंडीच्या बुडाचं भोक उघडं आहे का ते बघा.

दरवर्षी जुलैत लोक माझ्याकडे कुजलेले कॅक्टस घेऊन येतात आणि सगळे एकच सांगतात, "पाणी तर आम्ही देतच नव्हतो." ते खोटं बोलत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एक काकू सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस पिशवीत घालून आल्या. आठ-नऊ वर्षं सांभाळलेला, वरून हिरवागार. बुडाशी बोटाने दाबलं तर बोट सरळ आत गेलं आणि आंबूस वासाचं तपकिरी पाणी बाहेर आलं.

"काकू, कुंडी कुठे असायची?"

"खिडकीतच की हो. फरशीला डाग पडू नयेत म्हणून खाली प्लेट ठेवली होती."

कुंडी उलटी केली. चिखल आणि शेवाळ बसून भोक लिंपल्यासारखं बंद झालेलं. पागोळ्यांचं पाणी प्लेटमध्ये साचत होतं आणि कुंडी ते खालून पीत होती. वरची माती कोरडी दिसत होती म्हणून काकू निश्चिंत होत्या.

कॅक्टसच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पावसाळी दमट हवेत कुंडी लवकर वाळत नाही. त्यात भोक बंद असलं की तळाशी पाणी थांबतं, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी शिरते. झाड वरून सुरकुतायला लागेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असतं.

भोक करंगळी जाईल एवढं तरी हवं. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना भोकाची नुसती खूण असते, पापुद्रा तसाच राहतो. तो तापवलेल्या खिळ्याने फोडा. कुंडी फरशीवर टेकवू नका, विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. प्लेट पावसाळाभर काढूनच टाका. डेंग्यूचे डासही तिथेच वाढतात. तळाशी खड्यांचा जाड थर दिला की निचरा होतो, हा गैरसमज सोडा. माती आणि खड्यांच्या सीमेवर पाणी अडतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर खापरीचा एक वाकडा तुकडा पुरे.

कुंडी कोणती? बिनरंगाची, साधी भाजलेली मातीची. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. झाडाच्या रुंदीपेक्षा इंचभर रुंद, त्याहून मोठी नको. जास्तीची माती म्हणजे जास्तीची ओल. जाड, खोल मुळाच्या जातींना उंच कुंडी, पसरणाऱ्या झुबकेदार जातींना उथळ. प्लॅस्टिकची चालते, पण मिश्रण भरड हवं आणि पाऊस अंगावर यायला नको. कोकणात जुलैत मातीची कुंडीही आठ-आठ दिवस ओली राहते, तिथे कुंडीपेक्षा छप्पर महत्त्वाचं.

दुकानात चकचकीत, बिनभोकाची चिनीमातीची कुंडी महागात गळ्यात मारतात. वर खडे डिंकाने चिकटवलेले, म्हणजे आतली माती दिसायलाच नको. ते खडे पहिल्या दिवशीच काढा. 'कॅक्टस स्पेशल' पिशवीत बहुतेक वेळा कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त निघतं, आणि ते पावसाळ्यात स्पंजासारखं पाणी धरून बसतं. मुळं वाढवणाऱ्या बाटल्यांवर तर एक रुपयाही घालवू नका. बंद भोकाला कुठलंच टॉनिक चालत नाही.

पावसाआधीची कामं:
- भोक तपासणे, काडीने मोकळे करणे
- मिश्रण: जाड रेती 2 भाग, विटांचा चुरा 1, लाल माती 1, जुने शेणखत अर्धा भाग; काळी माती आणि समुद्राची वाळू नको
- रेती धुऊन, चाळून घेणे
- पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड): स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे, जास्त असल्यास नीम तेल 5 मिली अधिक साबण 1 मिली प्रति लिटर, संध्याकाळी
- कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पारदर्शक पत्र्याखाली
- खत बंद

पाणी द्यायचं तेव्हा भोकातून वाहीपर्यंत द्या, मग माती तळापर्यंत वाळेस्तोवर थेंबही नाही. चमचा-चमचा घालणं किंवा बाटलीने शिंपडणं नको, त्याने वरचा थर तेवढा भिजतो. उदबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर किंवा माती चिकटलेली निघाली तर थांबा. उन्हाळ्यात लहान मातीच्या कुंडीला साधारण आठवड्याने पाणी लागतं, तेही संध्याकाळी. कॅक्टसची रंध्रं (अंगावरची श्वासाची बारीक छिद्रं) रात्रीच उघडतात. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जवळजवळ बंद. पुणे-नाशिककडे उघडीप लांबली तर पंधरा-वीस दिवसांनी एकदा. मराठवाड्यात खंड मोठा पडतो, तिथे काडी सांगेल तसं.

बूड मऊ लागलं तर त्याच दिवशी झाड उपटा. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या काढत जा, दर कापाला सुरी पुन्हा पुसा. कापाच्या मध्यावर दिसणाऱ्या कड्यात एकही तपकिरी ठिपका उरत नाही तोपर्यंत थांबू नका. कापावर गंधकाची पूड लावा. मी हळदही लावली आहे, आणि माझ्या अनुभवात ती कमी पडलेली नाही. सावलीत आठ-दहा दिवस वाळवून कोरड्या रेतीवर ठेवा. शेजारच्या कुंड्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड (50 टक्के) हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, एकदा, उघडीप बघून फवारा.

आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तोही कॅक्टसच, पण जंगलात झाडांवर वाढणारा. त्याला पावसाळ्यात ओल आणि सावली मानवते, भोक मात्र त्यालाही उघडंच हवं. ड्रॅगन फ्रूटही याच कुळातलं. सांगली-सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी खांबाभोवतीचं आळं आताच मोडून मातीचा उंचवटा करावा आणि चर बाहेर काढावा. शेतात भोकाचं काम तो चरच करतो.

पाऊस गेला की कुंड्या लगेच ऑक्टोबरच्या उन्हात नेऊ नका, कातडी भाजून पांढरे डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. पंधरा दिवस हिरव्या जाळीखाली ठेवा. मग पहिलं पाणी द्या आणि ते खालच्या भोकातून बाहेर येतंय का, वाकून बघा.