अवकाशातल्या शस्त्राचा हिशेब कागदावर कसा मांडावा

20 मे 2025 रोजी अमेरिकेत ‘गोल्डन डोम’ या क्षेपणास्त्रविरोधी कवचाची घोषणा झाली, तेव्हा 175 अब्ज डॉलर हा आकडा सांगण्यात आला. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, म्हणजे सीबीओने, अशा कवचातल्या फक्त अवकाशातल्या इंटरसेप्टरांचा, म्हणजे क्षेपणास्त्र वाटेत गाठून पाडणाऱ्या अस्त्रांचा, 20 वर्षांचा खर्च 161 ते 542 अब्ज डॉलर काढला. तोही उत्तर कोरियासारख्या देशाची एक-दोन क्षेपणास्त्रं अडवण्यापुरता. यातलं काय पटण्यासारखं आहे हे तपासायला गुप्त माहिती लागत नाही. बारावीचं भौतिकशास्त्र, कॅल्क्युलेटर आणि तासभर वेळ पुरतो.

आधी वर्गवारी

बातमीत ‘अवकाश शस्त्र’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: शस्त्र ठेवलंय कुठे? 27 मार्च 2019 च्या ‘मिशन शक्ती’त भारताने सुमारे 300 किमी उंचीवरचा स्वतःचाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह पाडला. चीनने जानेवारी 2007 मध्ये आणि रशियाने नोव्हेंबर 2021 मध्ये असंच केलं. ही सगळी शस्त्रं जमिनीवरून सुटणारी. ती हवी त्या दिवशी, हव्या त्या वेळी डागता येतात, म्हणून तुलनेने स्वस्त पडतात. कक्षेत कायम फिरत राहणाऱ्या शस्त्राचं गणित अगदी वेगळं असतं, आणि इथे तेच मांडायचं आहे.

कायद्याचा भाग एका वाक्यात संपतो. 1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या चौथ्या कलमाने अण्वस्त्रं व इतर सर्वसंहारक शस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे, साध्या शस्त्रांना नाही.

सराव म्हणून टंगस्टनचा दांडा

हात बसवायला हे उदाहरण बरं. कल्पना अशी की 6.1 मीटर लांब, 30 सेंटीमीटर जाड टंगस्टनचा दांडा कक्षेतून शत्रूवर ‘सोडायचा’, आणि त्याने अणुबॉम्बइतका संहार होतो असं वर्णन केलं जातं. आकारमान 0.43 घनमीटर, टंगस्टनची घनता घनमीटरला 19.25 टन, म्हणजे वजन 8.3 टन. वातावरणातून येऊन जमिनीवर आदळताना वेग सेकंदाला 3 किमी धरू. ½mv² काढा: सुमारे 37 अब्ज ज्यूल. टीएनटी या स्फोटकाचं एक टन म्हणजे 4.184 अब्ज ज्यूल, तेव्हा उत्तर येतं जेमतेम 9 टन टीएनटी. विमानातून टाकायचा अमेरिकेचा ‘मोअॅब’ बॉम्ब 11 टन टीएनटीइतक्या स्फोटाचा आहे. ‘अणुबॉम्बइतका संहार’ हे वर्णन इथेच गळून पडतं.

आता खरी अडचण. कक्षेतली वस्तू ‘सोडली’ तर खाली पडत नाही. ती सेकंदाला 7.6 किमी वेगाने शेजारीच फिरत राहते. खाली आणायची तर वेग मारावा लागतो. सेकंदाला दीडशे मीटर कमी केले तरी दांडा कधीतरी वातावरणात शिरेल, पण तो इतका तिरपा शिरेल की बराचसा वेग हवेतच जाईल आणि नेम चुकेल. सरळसोट उतरायला सेकंदाला 4 किमी तरी वेग मारावा लागेल. घन इंधनाच्या मोटरचा उत्सर्जन वेग 2.8 किमी धरला तर रॉकेट समीकरणातून इंधनासह आणि इंधनाशिवायच्या वजनांचं गुणोत्तर येतं e^(4/2.8), म्हणजे 4.2. 8.3 टनांच्या दांड्यासाठी कक्षेत 35 टन न्यावे लागतात. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर, म्हणजे पहिला टप्पा, परत आणायचा असेल तर ते साधारण 17 टनच नेतं. एका दांड्याला दोन उड्डाणं, आणि हाती लागतो एका मोठ्या बॉम्बपेक्षाही थोडा कमी स्फोट.

इंटरसेप्टर: सेकंद मोजायला शिका

आंतरखंडीय क्षेपणास्त्र त्याची मोटर जळत असतानाच पाडायचं, ही कल्पना जास्त गंभीर आहे आणि पैसाही इथेच जातो. रीत अशी.

घन इंधनाच्या क्षेपणास्त्राची मोटर सुमारे 180 सेकंद जळते. द्रव इंधनाची अधिक, चार मिनिटांच्या घरात. 180 तून ओळख पटवणं, मार्गाचा अंदाज आणि आदेश यांसाठी 60 सेकंद वजा करा. उरले 120. इंटरसेप्टर सेकंदाला 4 किमी वेग गाठू शकतो असं धरलं तर 480 किमी होतात, पण तो वेग लगेच मिळत नाही. 10 जी, म्हणजे गुरुत्वाच्या दहापट, प्रवेगाने तिथे पोहोचायला 40 सेकंद लागतात आणि त्यात 80 किमी गमावले जातात. पल्ला उरला 400 किमी. उपग्रहाचा स्वतःचा कक्षेतला वेग यात मिळवू नका. नवखे हमखास मिळवतात. त्या वेगामुळे पल्ल्याचं वर्तुळ पुढे सरकतं, मोठं होत नाही.

400 किमी त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे 5 लाख चौरस किमी. पृथ्वीचं क्षेत्रफळ 51 कोटी चौरस किमी. भागाकार: 1000. एका ठिकाणावर सदैव एक इंटरसेप्टर पल्ल्यात हवा असेल तर कक्षेत हजार फिरते ठेवावे लागतात, आणि कुठल्याही क्षणी त्यातले 999 चुकीच्या जागी असतात.

दोन दुरुस्त्या राहिल्या. कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, लक्ष्याच्या अक्षांशाला धरून निवडला, म्हणजे 40 अंशांवरच्या देशासाठी 45 अंश, तर उपग्रहांची दाटी तिथे दुप्पट होते आणि संख्या निम्म्यावर येते. उलट वर्तुळं एकमेकांवर चढतात, मध्ये फटी राहतात, उंचीतला फरक पल्ला खातो. ढोबळ हिशेबात दोन्ही एकमेकांना काटतात असं धरायला हरकत नाही.

आता निर्णयाला 30 सेकंद जादा लावून बघा. पल्ला 280 किमी, संख्या सुमारे 2,070. शत्रूने मोटरच 60 सेकंद आधी विझणारी केली तर पल्ला 160 किमी, संख्या 6,300 च्या वर. पल्ल्याचा वर्ग होतो म्हणून सेकंदांची ही चैन इतकी महाग पडते. एखाद्या प्रस्तावात ‘निर्णयासाठी पुरेसा अवधी’ असं लिहिलं असेल आणि सेकंद दिले नसतील, तर पुढची पानं वाचायची घाई करू नका.

किलो आणि डॉलर

टक्कर देणारा भाग 100 किलोचा धरू. 4 किमी वेगासाठी वरचंच गुणोत्तर लावून 420 किलो, मोटरची रिकामी टाकी आणि सांगाडा धरून 600. त्याला वर्षानुवर्षं जिवंत ठेवणारा उपग्रह, म्हणजे सौरपट्ट्या, रेडिओ, तापमान राखायची सोय: आणखी 300. एकूण 900 किलो. हजार नगांचे 900 टन, फाल्कन 9 ची 53 उड्डाणं. उड्डाणाला 7 कोटी डॉलर, किलोला सुमारे 4,100. सगळं वर न्यायला 3.7 अब्ज डॉलर.

इथे बरेच जण खूश होऊन थांबतात. ‘प्रक्षेपण स्वस्त झालं, आता हे शक्य आहे’ हा युक्तिवाद या आकड्यावर उभा असतो. पण नगाची किंमत? जहाजावरून सुटणारं एसएम-3 ब्लॉक 2ए एक क्षेपणास्त्र अडीच-तीन कोटी डॉलरच्या घरात आहे. अवकाशातला नग त्याहून स्वस्त होईल असं मानायला कारण नाही. 3 कोटी धरले तर हजारांचे 30 अब्ज.

मग आयुष्य. पल्ला राखायचा तर उपग्रह खाली ठेवावे लागतात आणि खाली हवेचा विरोध असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक 400 किमीवर असूनही दर महिन्याला साधारण 2 किमी खाली घसरतं, त्याला वेळोवेळी ढकलावं लागतं. फेब्रुवारी 2022 मध्ये सौरवादळाने वरची हवा फुगली, तेव्हा सुमारे 210 किमीवर नुकतेच सोडलेले 40 च्या आसपास स्टारलिंक उपग्रह जळून गेले. म्हणून आयुष्य 5 वर्षं धरतात. 20 वर्षांत चार संच: नगांचे 120 अब्ज, प्रक्षेपणाचे 15. एकूण 135 अब्ज, यात संशोधन, जमिनीवरची केंद्रं आणि मनुष्यबळ अजून नाही.

प्रक्षेपण फुकट केलं तरी 120 उरतात. आणि किलोला 20,000 डॉलर हा महाग दर लावला तर 192 होतात. सीबीओच्या आकड्यांतही हेच दिसतं. उड्डाणं स्वस्त झाल्यामुळे त्यांचा किमान अंदाज 264 वरून 161 अब्जांवर आला, तिथून खाली नाही. प्रस्ताव तपासताना किलोच्या दरावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. नगाची किंमत, आयुष्य आणि सेकंद, या तिघांवर बोट ठेवा.

शत्रूची पाळी

हजार नगांचा हिशेब एकाच क्षेपणास्त्राचा होता. शत्रूने त्याच तळावरून एकाच मिनिटात दोन डागली तर पल्ल्यातला एकमेव इंटरसेप्टर एकालाच भिडणार. दोनांसाठी 2,000, दहांसाठी 10,000. नेम चुकण्याची भीती म्हणून प्रत्येकी दोन सोडायचे तर याच्याही दुप्पट. समोरच्याला एक जादा क्षेपणास्त्र काही कोटी डॉलरांत पडतं, आपल्याला त्याच्या उत्तरासाठी 30 अब्ज. 1985 मध्ये पॉल निट्झे यांनी रेगन सरकारच्या वतीने कसोटी घातली होती ती हीच: संरक्षणात घातलेला वरचा प्रत्येक डॉलर हल्ल्यातल्या वरच्या डॉलरपेक्षा स्वस्त पडला पाहिजे, आणि यंत्रणा स्वतः टिकली पाहिजे. टिकण्याचा भागही वाईट आहे, कारण कक्षा कुणालाही मोजता येते. हल्ल्याआधी जमिनीवरून वाटेतले दोन-चार नग पाडले की तेवढ्या वेळापुरतं भोक पडतं.

लेझर असेल तर

इंटरसेप्टरऐवजी लेझर असेल तर आधी त्याचा लक्ष्यावरचा ठिपका काढा. ठिपक्याचा व्यास = 2.44 × तरंगलांबी × अंतर ÷ आरशाचा व्यास. 1 मायक्रोमीटर, 1,000 किमी, 4 मीटर आरसा (हबलचा 2.4 मीटर आहे) घातलं की 61 सेंटीमीटर येतात. 1 मेगावॉट शक्ती त्यावर पसरली तर चौरस सेंटीमीटरला सुमारे 300 वॉट. टणक कवच फोडायला चौरस सेंटीमीटरला 10 किलोज्यूल लागतात असं धरलं तर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ ठिपका एका जागी धरून ठेवावा लागेल, धावत्या क्षेपणास्त्रावर. त्यात लेझरची कार्यक्षमता तिसऱ्या हिश्श्याइतकीच, म्हणजे 2 मेगावॉट उष्णता यंत्रातच साठते. अवकाशात वारा नाही. ती सतत बाहेर टाकायची तर 27 अंश सेल्सिअस तापमानाला दोन्ही बाजूंनी उत्सर्जन करणारी सुमारे 2,400 चौरस मीटर पट्टी लागेल. एका फटक्यापुरती साठवायची तर 200 किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता होते. ते जमण्यासारखं आहे, पण मग पुढचा फटका कधी, हे प्रस्तावात शोधा.

उत्तर ताडून बघा

अमेरिकन फिजिकल सोसायटीने 2003 मध्ये विरळ कवचासाठीही हजार किंवा अधिक इंटरसेप्टर लागतील असं काढलं होतं. 2012 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अगदी काटकसरीच्या रचनेत 650 उपग्रह आणि सुमारे 300 अब्ज डॉलर सांगितले. तुमची संख्या याच्या दहापट खाली आली असेल तर तीन ठिकाणी बघा: निर्णयाचे सेकंद शून्य धरलेत का, प्रवेगाचे 80 किमी वजा करायचे राहिलेत का, आणि त्रिज्येचा वर्ग करायचा विसरलात का.