लिक्विड नायट्रोजनमधली व्हायल बाहेर काढताना

व्हायल म्हणजे गोठवलेल्या पेशींची, आट्यांच्या टोपीची छोटी प्लास्टिक कुपी. एप्रन, पूर्ण पँट, बंद बूट हे सांगायला नकोच. पँट मात्र बुटात खोचू नका. हातमोजे क्रायोचेच, म्हणजे अतिथंड द्रवासाठीचे, पण सैल, हात झटकला की गळून पडतील असे. मोज्यात शिरलेला उणे १९६ अंशांचा द्रव घट्ट मोजा कातडीशी धरून ठेवतो.

'खिडकी उघडी आहे ना' एवढ्यावर भागवणाऱ्यांनी साधा हिशोब करावा. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत १० लिटर सांडला, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेपंधराच्या आसपास येतो आणि नाकाला काही कळत नाही. ऑक्सिजन मॉनिटर १९.५ टक्क्यांना वाजला की बाहेर पडा, सामान आवरत बसू नका. लिफ्टमधून कंटेनर एकटाच जाईल, तुम्ही जिन्याने.

ओतायचं हळूहळू. झाकण सैलच ठेवायचं. पातळी भरीव लाकडी पट्टीने मोजा. पोकळ नळी घातलीत तर वरच्या तोंडातून फवारा उडेल.

आता व्हायल. मला सुरुवातीला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. 'काढली की लगेच ३७ अंशांच्या पाण्यात' हा सल्ला जो तो देतो. पेशींसाठी तो बरोबर आहे, तुमच्या चेहऱ्यासाठी नाही. द्रवात बुडवून ठेवलेल्या व्हायलच्या आट्यांमधून नायट्रोजन आत झिरपतो. पाण्यात गेल्यावर त्याचा झपाट्याने वायू होतो, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि प्लास्टिक फुटतं.

म्हणून फेस शील्ड कंटेनरचं झाकण उघडायच्या आधी. नुसता गॉगल चालणार नाही, गाल आणि गळा उघडाच राहतो. कॅनिस्टर (व्हायल ठेवलेला आतला डबा) कंटेनरच्या मानेपर्यंत उचलून वाफेत थोडा वेळ धरा, मगच व्हायल चिमट्याने काढा आणि किंचित तिरकी करून बघा. नमुना तर दगडासारखा गोठलेला असतो. तरीही आत काही हलताना दिसलं, तर तो नायट्रोजनच. अशी व्हायल जाड झाकणाच्या डब्यात ठेवा. मग हुडमध्ये (हवा खेचणाऱ्या, काचेच्या पडद्याच्या कपाटात), उभी धरून, टोपी पाव आटा सैल करा. फुसफुस थांबली की पुन्हा आवळा आणि पाण्यात धरा, टोपी पाण्याच्या वर ठेवून. यात जाणाऱ्या वेळाबद्दल कुरकुर करणारे भेटतील, करू द्या.

खरा उपाय म्हणजे व्हायल द्रवात न ठेवता वरच्या वाफेत साठवणं. द्रवात बुडवू नका, असं व्हायल बनवणाऱ्या कंपन्याही बजावतात. ते वाचतो कोण!

अंगावर उडालंच तर गार पडलेला भाग कोमट पाण्यात धरा, ४० अंशांच्या वर नाही. चोळू नका, हीटरपाशी नेऊ नका. फोड आला किंवा डोळ्यात गेलं, तर थेट डॉक्टर.