दोन सर्व्हरचा एचए क्लस्टर बांधताय? या चुका टाळा

जिनिंगचा हंगाम भरात असताना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं, की कापसाची वाहनं गेटबाहेर रस्त्यापर्यंत लागतात. म्हणून कारखानदार दोन सर्व्हर आणि एक शेअर्ड स्टोरेज (दोघांची सामाईक साठवण) घेऊन एचए क्लस्टर मागतो, म्हणजे एक सर्व्हर पडला की दुसरा त्याचं काम हाती घेईल अशी हाय अव्हेलेबिलिटीची जोडी. मागणी रास्तच आहे. पण बसवणाऱ्याने आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधलं पाहिजे: पहिला सर्व्हर गेला, हे दुसऱ्याला खात्रीने कसं कळणार?

तिसरं मत नसणं

दोन नोडमधला, म्हणजे क्लस्टरच्या दोन सर्व्हरमधला, नेटवर्क स्विच बंद पडला, की दोघांनाही समोरचा गेला असंच वाटतं. प्रत्येक नोडला एक मत असतं. कोरमला, म्हणजे काम चालू ठेवायला लागणाऱ्या बहुमताला, निम्म्याहून जास्त मतं लागतात आणि दोनातलं एक म्हणजे बरोबर निम्मं. त्यामुळे दोन्ही नोड थांबतात. मग फोनवर फोन येतात, आणि घाईत कुणीतरी प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमध्ये अपेक्षित मतं १ करून टाकतं. हे दोन्ही नोडवर झालं तर तेच व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) दोन्हीकडे सुरू होऊन एकाच व्हर्च्युअल डिस्कवर लिहायला लागतं. त्यानंतर डेटाबेस बहुतेक वेळा बॅकअपमधूनच परत आणावा लागतो.

उपाय स्वस्त आहे. प्रॉक्समॉक्सला क्यूडिव्हाइस द्या, विंडोज फेलओव्हर क्लस्टरला विटनेस द्या. दोन्हींचं काम बाहेरून तिसरं मत देणं. जुना पीसीही पुरतो. मात्र ते मत त्याच क्लस्टरमधल्या व्हीएमवर ठेवू नका. क्लस्टर पडला की तेही पडेल. क्यूडिव्हाइसला कोरोसिंकइतकं (नोडमधला संपर्क राखणाऱ्या सॉफ्टवेअरइतकं) वेगवान नेटवर्क लागत नाही, त्यामुळे जळगावच्या क्लस्टरचं मत भुसावळच्या ऑफिसात ठेवलं तरी चालतं.

फेन्सिंग बंद करून ठेवणं

फेन्सिंग म्हणजे बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बाजूला काढणं. पेसमेकर या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये हे काम करणारं स्टोनिथ त्रास देतं म्हणून ते बंद करणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. अडकलेला नोड मेलेला नसतो. तो पुन्हा शुद्धीवर येऊन राहिलेलं लिखाण पूर्ण करू शकतो. म्हणून दुसऱ्याने काम हाती घेण्याआधी पहिल्याची वीज तोडलीच पाहिजे, किंवा त्याने स्वतः रीसेट झालं पाहिजे. प्रॉक्समॉक्समध्ये एचएखाली काम करणाऱ्या नोडचा कोरम गेला, तर वॉचडॉग हा टायमर साधारण ६० सेकंदांनी त्याला रीसेट करतो. कोरोसिंक आणि आयस्कझी (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याची पद्धत) एकाच तारेवर असतील, तर रात्री बॅकअप सुरू झाल्यावर चांगला नोडही असा रीसेट होईल. दोन्हींना वेगळी नेटवर्क कार्डं द्या.

व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर नेटवर्कसोबत डेटास्टोअरवरूनही (व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या जागेवरूनही) होस्टचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरचा, ठोका तपासतं आणि त्यासाठी २ डेटास्टोअर मागतं. एकच असेल तर पिवळा इशारा येतो. तो दडपायची सेटिंग आहे, पण ती वापरण्यापेक्षा दुसरा डेटास्टोअर जोडा.

शेअर्ड स्टोरेजबद्दलचे गैरसमज

एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन नोडना दिला म्हणजे तो शेअर्ड झाला, असं नाही. त्यावर एक्स्ट४ ही एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टिम टाकून दोन्हीकडे माउंट केलं तर फाइल सिस्टिम खराब होणारच. अनेक नोडनी एकदम वापरता येणारी व्हीएमएफएस, जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ लागेल, नाहीतर सरळ एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत) घ्या.

मल्टिपाथच्या, म्हणजे स्टोरेजकडे जाणाऱ्या दुहेरी वाटेच्या, दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये जात असतील तर तो स्विच गेल्यावर दोन्ही वाटा बंद. जंबो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) लावल्या असतील तर ८९७२ बाइटचं, तुकडे न पाडणारं पिंग स्टोरेजपर्यंत जातं का ते बघा. मधल्या एका पोर्टवर १५०० राहिलं, तर लॉगिन होतं आणि मोठी कॉपी मात्र अडकते.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) पुसायला विसरल्याने डेटास्टोअर भरला, तर त्यावरची व्हीएम थांबतात. तिथे एचएचा उपयोग नाही. चुकून पुसलेली फाइलही दोन्ही नोडवरून सारखीच पुसलेली दिसते. बॅकअप वेगळ्या पेटीवरच हवा.

रॅम आणि वीज

दोन्ही नोडची रॅम ७० टक्के भरलेली असेल तर एकाचं ओझं दुसऱ्याला पेलणार नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा खोलीत यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी लवकर संपते. तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर लावू नका. लाइट आल्यावर आधी स्विच, मग स्टोरेज, ते पूर्ण उठल्यावरच होस्ट चालू करा. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) क्लस्टरच्याच व्हीएममध्ये असेल तर होस्टच्या हॉस्ट्स फाइलमध्ये नावं लिहून ठेवा.

शेवटी, हंगामाआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी चालू नोडची पॉवर केबल खरोखर काढा. नीट शटडाउन केल्याने ही चाचणी होत नाही. दुसऱ्या दिवशी स्टोरेजची एक तार, मग क्लस्टरची तार काढा. प्रत्येक वेळी वजनकाट्याची पावती किती मिनिटांनी परत निघाली ते लिहून मालकांना दाखवा. एचए व्हीएम नव्याने सुरू करतं, त्यामुळे तेवढी मिनिटं जाणारच.